प्रयोगशाळेच्या दारावर ही रंगीत वर्तुळं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रवेशाच्या वेळी पालक विचारतात, प्रॅक्टिकलला आलेले बाहेरचे परीक्षक विचारतात: "मॅडम, बाटल्यांवर लेबलं आहेत, प्रत्येक रसायनाचे धोके सांगणाऱ्या सेफ्टी डेटा शीटची जाडजूड फाईल आहे. मग दारावर हा लाल-निळ्या गोलांचा नकाशा कशाला?"

नायट्रिक ॲसिड किती जहाल, हे फाईल वाचून कळतं. पण त्याची अडीच लिटरची बाटली ॲसिटोनला खेटून ठेवली आहे आणि त्याच फळीखाली मुलं बॅगा टाकतात, हे कुठल्याच शीटमध्ये छापलेलं नसतं. ते आपल्याच खोलीत उभं राहून बघावं लागतं.

धोक्यांचा नकाशा काढायची ही पद्धत आमची नाही. १९६० च्या दशकात इटलीतल्या, विशेषतः तुरीनच्या, कामगार चळवळीत ती रुजली. पुढे ब्राझीलने १९९२ मध्ये ती नियमातच आणली. खोलीचा आराखडा काढायचा आणि त्यावर धोक्यांची वर्तुळं: रसायनांना लाल, उष्णता-आवाज-किरणोत्सर्गाला हिरवा, जंतूंना तपकिरी, वाकण्या-उचलण्याच्या त्रासाला पिवळा, अपघाताच्या शक्यतेला निळा. वर्तुळ लहान, मध्यम की मोठं, यावरून धोका किती ते कळतं. रंग पाच मिनिटांत पाठ होतात. खरी गोम वेगळीच आहे. नकाशा तिथे राबणाऱ्यांनीच काढायचा असतो.

आमच्याकडे मुलांनी सगळ्यात मोठं लाल वर्तुळ अर्थातच फ्यूम हूडवर, म्हणजे घातक वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटावर काढलं. आमचे लॅबमधले मामा बाजूला उभे होते. म्हणाले, "तिथं पंखा तरी आहे. लाल रंग बेसिनवर द्या." प्रॅक्टिकल संपलं की उरलंसुरलं सगळं बेसिनमध्ये ओतलं जातं, कशात काय मिसळलं हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि त्यावर काचसामान घासायला क्रोमिक ॲसिड. त्यातला क्रोमियम कर्करोगाला आमंत्रण देणारा. हात मात्र मामांचे. त्यांना इंग्रजी शीट वाचता येत नाही, पण खोलीची त्यांच्याइतकी माहिती आम्हा कुणालाच नाही. बेसिन लाल झालं, क्रोमिक ॲसिड बंद झालं, टाकाऊ द्रावणांसाठी वेगळे कॅन आले.

मग लोक विचारतात, रिस्क मॅट्रिक्स का नाही? तो हिरवा-पिवळा-लाल चौकटींचा तक्ता सगळ्यांना आवडतो, कारण त्यात आकडा मिळतो. शक्यता १ ते ५, परिणाम १ ते ५, गुणाकार करा. पण पिपेटच्या टवक्याने बोट कापणं, जे सारखं होतं, त्याला ५ गुणिले १. आणि क्वचितच होणाऱ्या मृत्यूला १ गुणिले ५. दोन्हींचं उत्तर ५, दोन्ही एकाच रंगात! मला हा तक्ता तेवढ्यासाठीच खटकतो.

त्यापेक्षा बो-टाय नावाची आकृती बरी. मधल्या गाठीत नको ती घटना, डावीकडे तिची कारणं, उजवीकडे परिणाम आणि दोन्ही बाजूंना वाटेतले अडसर. एमएस्सीच्या मुलांना मी शेरी संगजीचा अपघात मांडायला देते. २९ डिसेंबर २००८, लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ. ती २३ वर्षांची होती. हवा लागताच पेटणारं टर्ट-ब्युटिललिथियम प्लॅस्टिकच्या सिरिंजने काढताना दट्ट्या बाहेर आला आणि आग भडकली. १६ जानेवारी २००९ रोजी ती गेली. मुलं डावीकडचे अडसर भराभर लिहितात: काचेची सिरिंज, प्रशिक्षण, कमी मात्रा. उजवीकडे आली की हात थबकतो. अंगात लॅब कोट नव्हता, होता तो कृत्रिम धाग्याचा स्वेटर. जवळचा सेफ्टी शॉवर वापरला गेला नाही. आगीनंतरचे अडसर रिकामे दिसले की मुलं आपापल्या कोटाचं कापड चाचपून बघतात. आमच्या शॉवरखाली रचलेले खोकेही त्यांनीच हलवले.

आमचा नकाशा लॅमिनेट केलेला नाही. तपासणीला येणाऱ्या समित्यांना तो मळका वाटतो, वाटो. दरवर्षी नवी बॅच तो नव्याने काढते. तुमच्याकडे करून बघायचा असेल तर आराखडाही स्वतःच, टेपने मोजून काढा. बांधकाम विभागाच्या नकाशात गॅसची लाईन सापडेल. मागच्या दारासमोर नंतर आणून ठेवलेलं कपाट सापडणार नाही.