आमची वाटचाल : पेवांची वही आणि रोख्यांचे पोर्टफोलिओ

लोक विचारतात तुम्ही नक्की काय करता ओ, आणि मला अजूनही ते एका वाक्यात सांगता येत नाही. शेअरचं काम का? नाही. टॅक्सचं? ते पण नाही. सहकारी बँकांचे जे पैसे सरकारी रोख्यांत अडकलेले असतात त्यांची आजची किंमत किती, तोटा दिसतोय का, तरतूद किती करायला लागेल, हे आम्ही काढून देतो. एवढं सांगितलं की समोरचा "असं होय" म्हणतो आणि ऊस कधी तुटणार यावर बोलायला लागतो. म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

सुरुवात आप्पांपासून करते. आमचे आप्पा सांगलीजवळच्या हरिपूरला एका हळद व्यापाऱ्याकडं दिवाणजी होते. बाहेरच्यांसाठी सांगते, हरिपूर-सांगलवाडीला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद ठेवायचे, वरून बंद करून टाकायचे, मग वर्षं गेली तरी कीड लागायची नाही. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, हवा खेळेपर्यंत थांबायला लागायचं. पण वरून बघाल तर नुसती माती. खाली कुणाची हळद, किती पोती, कधीची, हे फक्त आप्पांच्या वहीत. पेव नंबर, मालक, पोती, तारीख. माल काढला तर जुनी ओळ खोडायची नाही, खाली नवीन ओळ घालायची, हा त्यांचा कडक नियम. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, आप्पांचं काम पण संपलं, वही मात्र घरात राहिली.

मी सांगलीतल्याच एका सहकारी बँकेत इन्व्हेस्टमेंट खात्यात होते. २०१४ ला नोकरी सोडली आणि विश्रामबागेत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली घेतली, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि कीबोर्डवर रोज ज्वारीच्या पिठाचा पातळ थर. आपल्या जिल्ह्यात एकेकाळी पतसंस्थांचं नुसतं पेव फुटलं होतं, सहकारी बँका पण भरपूर, त्यामुळं गिऱ्हाईक मिळेल असं वाटलेलं. मिळालं पण, हळूहळू. सगळं काम एक्सेलमध्ये. एका बँकेची एक फाईल, फाईलमध्ये एक शीट, शीटमध्ये सगळे रोखे एकाखाली एक. ही माझी पहिली मोठी चूक, आणि ती चार वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही कारण व्याजदर त्यावेळी मेहेरबान होते, बराच काळ उतरत होते, आणि दर उतरले की रोख्यांचे भाव चढतात.

चूक काय ते सांगते. सहकारी बँकेला आपले रोखे तीन गटांत ठेवायला लागतात. मुदत संपेपर्यंत ठेवायचे ते एचटीएम, गरज पडली तर विकायचे ते एएफएस, आणि ट्रेडिंगसाठी घेतलेले ते एचएफटी, हे ९० दिवसांत विकायचे असतात. एचटीएमला बाजारभाव लावायची गरज नसते, १०० चा रोखा १०३ ला घेतलेला असेल तर वरचे ३ रुपये राहिलेल्या मुदतीवर वाटून खर्ची टाकायचे. बाकी दोन्ही गटांना बाजारभाव लावायचा, आणि गटातला निव्वळ तोटा तरतुदीत धरायचा, निव्वळ नफा मात्र धरायचा नाही. एका गटाच्या नफ्यानं दुसऱ्याचा तोटा झाकता येत नाही. समजा एएफएसमध्ये १२ लाख तोटा आणि एचएफटीत ३ लाख नफा, तर तरतूद १२ लाखांची. माझ्या शीटमध्ये सगळं एकत्र असल्यामुळं खाली बेरीज ९ लाख आली असती. नशीब की तेव्हा आमच्या कुठल्याच बँकेकडं एचएफटीत काही नव्हतं. पण एकदा रात्री हे डोक्यात आलं आणि झोपच उडाली.

२०१८ च्या मार्चअखेरपासून मूल्यांकनाचे म्हणजे रोख्यांचे बाजारभाव एफबीआयएल ही संस्था द्यायला लागली, त्याआधी फिमडा ही दुसरी संस्था द्यायची. त्या निमित्तानं सगळ्या शीट मोडून नव्याने बांधल्या. वर बँक, तिच्या खाली तीन गट, गटाच्या खाली एकेक सौदा. आप्पांनी बघितलं आणि म्हणाले, "हे तर पेवच की गं."

मग ऑगस्ट २०१९. कृष्णेच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. विश्रामबागेत आम्ही कोरडे राहिलो पण गावभागात एका गिऱ्हाइकाची शाखा पाण्यात बुडाली, इन्व्हेस्टमेंटची सगळी डील स्लिप, म्हणजे सौद्यांच्या चिठ्ठ्या, तळमजल्यावरच्या कपाटात. पाणी उतरल्यावर चिखलाचे गठ्ठे आमच्याकडं आले, आम्ही एकेक कागद सोडवून गच्चीवर वाळत घातला, इस्त्री पण मारली, खोटं नाही सांगत. जिथं आकडा वाचता येईना तिथं आमच्या एक्सेलवरून उलटं शोधलं. एवढं करूनही दोन स्लिप लागल्याच नाहीत, त्या दुसऱ्या बँकेच्या स्टेटमेंटवरून बसवल्या, कारण छोट्या बँकांचे रोखे मोठ्या बँकेच्या सीएसजीएल खात्यात, म्हणजे दुसऱ्यांचे रोखे सांभाळायच्या खात्यात, असतात आणि तिकडं नोंद शाबूत होती.

यानंतर ठरवलं की आता सॉफ्टवेअर. मुंबईच्या एका कंपनीचं कोटेशन आलं, ते बघून चहा पण कडू लागला. म्हणून फुकटातलं शोधलं. असल्या किमती काढायची क्वांटलिब नावाची तयार कोडची लायब्ररी २००० सालापासून आहे, आणि तिच्यावर बांधलेलं ओपन रिस्क इंजिन हे सॉफ्टवेअर २०१६ पासून सगळ्यांना खुलं आहे. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून पास झालेली तासगावची एक मुलगी आमच्याकडं होती, ती म्हणाली "ताई मी लावते." आणि लावलं तिनं, तीन महिने गेले पण लावलं. आता भाव एफबीआयएल देतंच तर सॉफ्टवेअर कशाला, असं एका संचालकांनी विचारलेलं. भाव मिळतो हो, पण चढतं व्याज, म्हणजे मागच्या हप्त्यापासून साठलेलं आणि रोखा घेणाऱ्यानं विकणाऱ्याला द्यायचं, ते किती, पुढचा हप्ता कधी, आणि उद्या व्याजदर अर्धा टक्का वाढले तर खड्डा केवढा पडेल हे भावाच्या यादीत नसतं.

त्यात काम दोन ठिकाणी असतं. रोख्याची स्वतःची माहिती, म्हणजे व्याजदर, तारखा, दिवस मोजायची पद्धत, ही एकदाच एका फाईलमध्ये भरायची. आणि पोर्टफोलिओच्या फाईलमध्ये एकेक ट्रेड म्हणजे सौदा, त्याला आयडी, समोरची पार्टी, दर्शनी रक्कम, आणि कुठल्या रोख्याचा आहे ते. एकच आयडी दोनदा आला तर ते नाकारतं, हे फार बरं आहे. पण एखाद्या ट्रेडमध्ये माहिती अर्धवट असली तर तेवढा ट्रेड बाजूला ठेवून बाकीच्यांची किंमत काढतं आणि लॉगमध्ये कुठंतरी एक ओळ लिहितं. ती ओळ कुणी वाचत नाही, आम्ही पण वाचली नाही. एका बँकेची बेरीज ५ कोटींनी कमी आली आणि आम्ही अर्धा दिवस भाव तपासत बसलो. तेव्हापासून आधी मोजणी, आत किती ट्रेड गेले आणि बाहेर किती आले, मग बाकीचं.

नव्या सॉफ्टवेअरवरचं पहिलं वर्षअखेर मार्च २०२३. त्याचं एक प्रकरण सविस्तर सांगते कारण नवीन मुलांना मी हेच सांगते. एका बँकेनं १४ मार्चला ५ कोटींचा रोखा घेतला, सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि रोख्याची देवघेव, दुसऱ्या दिवशी १५ ला. स्लिपवर नुसतं "७.२६ जीएस", म्हणजे ७.२६ टक्क्यांचा सरकारी रोखा. आता गंमत अशी की ७.२६ टक्क्यांचे दहा वर्षांचे दोन रोखे आहेत, एक २२ ऑगस्ट २०३२ ला संपणारा आणि दुसरा ६ फेब्रुवारी २०३३ ला. ऑफिसातल्या एका मुलानं यादीत जो वर दिसला तो निवडला, म्हणजे २०३२ चा. भावात दोघांचा फरक एवढा किरकोळ की डोळ्याला खुपला नाही. खुपलं ते चढतं व्याज. ३०/३६० नं, म्हणजे प्रत्येक महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० चं धरून, मोजलं तर २२ फेब्रुवारी ते १५ मार्च २३ दिवस, म्हणजे ५ कोटींवर २,३१,९१७ रुपये. बँकेनं प्रत्यक्षात मोजलेले होते ३,९३,२५०. बँकेचे साहेब फोनवर, "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर दीड लाख कमी दाखवतंय." मी पण आधी सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या, दिवस मोजायची पद्धत चुकली असणार म्हणून. मग त्या तासगावच्या मुलीनं उलटा हिशोब केला, ३,९३,२५० यायला किती दिवस लागतील? ३९. मग त्याच पद्धतीनं १५ मार्चपासून ३९ दिवस मागं मोजले तर येतं ६ फेब्रुवारी. म्हणजे २०३३ वाला रोखा, सापडला. आता आमच्याकडं रोख्याचं नाव कुणी निवडत नाही, बारा अक्षरी आयसिन, म्हणजे प्रत्येक रोख्याचा वेगळा ओळख क्रमांक, टाकायचा, स्लिपवर नसेल तर बँकेकडून मागवायचा, बँकवाले वैतागले तरी चालेल.

आणि तोच रोखा पुन्हा आडवा आला. दुरुस्ती करताना माहिती दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सीएसव्हीनं चढवली, त्याच्यावर तारीख अमेरिकन पद्धतीनं सेट होती. २०३२ वाल्या रोख्याला लगेच एरर आला, कारण बाविसावा महिना नसतो. ६/२/२०३३ मात्र गुपचूप आत गेलं आणि २ जून झालं. किंमत? जवळपास तीच, कारण व्याजदर आणि बाजाराचा दर जवळजवळ सारखे होते, चार महिन्यांनी काय फरक पडणार. पुढच्या हप्त्यांची यादी छापली तेव्हा ऑगस्टच्या जागी जूनमध्ये व्याज दिसलं, तिथं पकडलं. एररवाली चूक मला आवडते, निमूट आत जाणाऱ्या चुकीची भीती वाटते. आता तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची.

पाडव्याचं तर विसरलेच. सॉफ्टवेअरसोबत नमुन्याच्या फाईल मिळतात, आम्ही त्यावरूनच पहिला पोर्टफोलिओ कॉपी केलेला, त्यात सुट्ट्यांचं कॅलेंडर युरोपचं, ईस्टर मंडेची सुट्टी आणि आपला पाडवा नाही. मग इंडिया लावलं, वाटलं झालं. पण ते कॅलेंडर एनएसई या शेअर बाजाराचं आहे, आणि २२ मार्च २०२३ ला गुढीपाडव्याला शेअर बाजार चालू होता, सरकारी रोख्यांचा बंद. २१ ला केलेल्या सौद्याचं सेटलमेंट सॉफ्टवेअरनं २२ ला धरलं, खरं झालं २३ ला. एक दिवसाचं व्याज, ५ कोटींवर १०,०८३ रुपये. सणाच्या दिवशी श्रीखंड सोडून आम्ही हे शोधत होतो. आता दर डिसेंबरात सुट्ट्यांची यादी आम्ही हातानं भरतो.

गेल्या दोन वर्षांत थोडं वेगळं काम पण आलंय, मार्केट यार्डातले एक व्यापारी हळदीच्या वायद्यात सौदे करतात त्यांचं. त्यांच्या पोराला वाटलं हे सोपं, त्यानं स्वतःच भरून दिलं. एनसीडीईएक्स या वायदेबाजारात हळदीचा एक लॉट ५ टनांचा, भाव मात्र क्विंटलला. त्यानं संख्या ५ टाकली आणि भाव क्विंटलचा, म्हणजे १४,००० भावाला ७ लाखांचा सौदा ७० हजारांचा दिसायला लागला. शेठ म्हणाले, "ताई, एवढ्याशा मालाला मी रात्रभर जागा राहतो होय?" त्यांचं पहिलं बिल चेकनं आलं, सोबत पाच किलो राजापुरी हळद, आणि ऑफिसातली पोरं म्हणाली युनिट बघून घ्या हं.

आज आम्ही पाच जण आहोत, गिरणी सोडून दोन गल्ल्या पुढं आलोय, मार्चमध्ये घरी जायचं ठिकाण नसतं, एप्रिलमध्ये सगळे आजारी पडतात. पैशाचं म्हणाल तर श्रीमंत झालो नाही, पण गेल्या सहा वर्षांत एकही बँक सोडून गेली नाही.

परवा आप्पा ऑफिसात आले होते, गुडघे दुखतात पण जिना चढून आले. एका बँकेचा रिपोर्ट टेबलावर पडलेला, तो चष्मा लावून वाचत बसले. मला म्हणाले, "यात दोनच गट दिसतात, तू तर तीन म्हणाली होतीस." मी म्हटलं आप्पा, तिसऱ्यात काही नाही म्हणून छापलं नाही. तर म्हणाले, "रिकामं पेव पण लिहायचं असतं. नाहीतर बघणाऱ्याला कसं कळणार, रिकामं आहे का लिहायचं राहिलंय?" गेल्याच वर्षी एका ऑडिटरनं नेमका हाच प्रश्न पत्र लिहून विचारला होता आणि उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले होते. तासगावच्या मुलीला हाक मारली, तिनं तिथंच बदल केला. आता एचएफटीत काही नसलं तरी ओळ येते, समोर शून्य.