वर्कलोड आणि डिफरन्शियल इक्वेशन

मंगळवार, रात्री

फिजिक्सच्या पदवीच्या नव्या अभ्यासक्रमावर दुपारभर बैठक चालली. त्यात फिजिक्सवर बोलणं झालं ते थोडंच, बाकी सगळं वर्कलोडवर. कोणता पेपर कुठल्या सेमिस्टरला टाकायचा हा प्रश्न आला की प्रत्येक जण मनात आपले तास मोजायला लागतो. यात हिणवण्यासारखं काही नाही. तास घटले की पद अडचणीत येतं, आणि तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची तर मिळकतच जाते. जळगावचा मे महिना, कूलर गरम हवा फेकतोय, अशात माणसं आपापला पेपर घट्ट धरून का बसतात ते कळतं. पण मुलांना काय लागतं, हे विचारायचं राहूनच जातं.

नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट ठरलेलीच आहे: तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६. त्यातच मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग. चौकटीवर डोकं फोडण्यात अर्थ नाही. माझी काळजी गणिताची आहे.

पूर्वी एफवायला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स असा ग्रुप घेतला की गणित सोबत यायचंच. गणित विभागाच्या जिवावर आम्ही वर्षानुवर्षं निवांत होतो. आता मायनर दुसरंच काही असू शकतं. मग पहिल्याच वर्षी अवमंदित, म्हणजे हळूहळू थांबत जाणारी, दोलनं शिकवताना फळ्यावर दुसऱ्या कोटीचं डिफरन्शियल इक्वेशन आलं, की अर्ध्या वर्गाचे चेहरे पडतात. आपण म्हणतो, ‘सोडवल्यावर उत्तर असं येतं,’ आणि उत्तर लिहून देतो. मुलं ते पाठ करतात. तीच मुलं पुढे क्वांटम मेकॅनिक्समधलं श्रॉडिंजरचं समीकरणही पाठ करतात, आणि पेपरात मार्कही मिळतात!

म्हणून मॅथेमॅटिकल मेथड्स, म्हणजे फिजिक्सला लागणाऱ्या गणिताचा पेपर, तिसऱ्या वर्षातून उचलून पहिल्या सेमिस्टरला आणा, असं मी सुचवलं. लगेच प्रश्न आला, ‘त्यासाठी काढायचं काय?’ मी ८०८५ मायक्रोप्रोसेसरचं नाव घेतलं. इंटेलची १९७६ सालची चिप. कुणी काही बोललं नाही. मग तो पेपर शिकवणारे ज्येष्ठ सर शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, किट्स आहेत ना आपल्याकडे.’ किट्स आहेत म्हणून विषय आहे! पण सर शिकवतात मन लावून, म्हणून पुढे बोलवेना.

प्रॅक्टिकलचं पान मात्र मी सोडलं नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. पॅनेलवर जी क्षमता छापलेली असते ती २५ अंश तापमानाची. आपल्याकडे हवाच ४४ अंशांवर जाते, तेव्हा उन्हातलं पॅनेल सहज ६५च्या आसपास पोचतं. सिलिकॉन पॅनेल दर अंशाला साधारण ०.४ टक्के क्षमता गमावतं, म्हणजे या उन्हात १६ टक्के तिथेच गेली. हे गच्चीवर मोजता येतं: छोटं पॅनेल, तापमान मोजायला थर्मोकपल, मल्टिमीटर, उन्हाळ्याचे दोन-तीन तास. प्रत्येक सेलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेला) अंशामागे सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरताना दिसतो. का उतरतो हे सांगायला सेमीकंडक्टरचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) लागतो, मोजमापात किती चूक असू शकते ते काढायला एरर अ‍ॅनालिसिस लागतं. ‘हाई काय कामनं?’ असं मागच्या बाकावरून कुणी विचारलं, तर निदान यावेळी उत्तर तयार असेल.

न्यूटन्स रिंग्ज हा प्रकाशाचा प्रयोगही काहींना काढायचा होता, जुनाट म्हणून. त्याला मी विरोध केला. अंधाऱ्या खोलीत सोडियम लॅम्पसमोर ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून रिंगा मोजताना डोळे चुरचुरतात, पण साध्या भिंगानं आणि काचपट्टीनं प्रकाशाची तरंगलांबी निघते. सगळंच उपयोगी असलं पाहिजे असा माझा आग्रह नाही.

मसुदा या आठवड्यात अभ्यास मंडळाकडे जायचा आहे. जेवण झाल्यावर कागदावर मांडून पाहिलं: ८०८५ चं इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात एकच युनिट ठेवायचं, आणि गच्चीवरचं प्रॅक्टिकल सरांकडे द्यायचं. प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, थिअरीच्या क्रेडिटला १५. म्हणजे दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल दिलं तर सरांचा वर्कलोड चार क्रेडिटच्या थिअरीइतकाच भरतो. मंडळाआधी सकाळी सरांनाच फोन करते.