सुती शमीज आणि गोठलेला धबधबा

बुकिंगच्या फॉर्ममध्ये शेवटून दुसरी ओळ होती : आतून सुती कपडे घालू नयेत. ती मी वाचली होती. लेकीने मोठ्याने वाचूनही दाखवली होती. तरी त्या सकाळी लोकरीच्या थर्मलच्या आत मी माझी जुनी सुती शमीज घातलीच. लोकर अंगाला टोचते आणि ५६ वर्षं अंगाला सूतच लागलंय. शिवाय आत काय घातलंय ते बघायला कोण येणार होतं?

लेक फिनलंडला एस्पोमध्ये नोकरी करते. फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. व्हिसाचं पुराण इथे लावत नाही, ते सगळ्यांनाच पाठ असतं. आमच्या ह्यांनी ‘बर्फच बघायचा तर घरचा फ्रीज उघडतो’ म्हणून यायचं टाळलं. हेलसिंकीहून रात्रीच्या रेल्वेने साधारण १२ तासांत रोवानिएमीला पोचतो. आर्क्टिक वृत्ताच्या अगदी काठावरचं हे गाव. लोक इथे सांताक्लॉज, रेनडिअर आणि कुत्र्यांच्या गाड्यांसाठी येतात. मी नाशिकची. पावसाळ्यात दुगारवाडीचा धबधबा बघितल्याशिवाय आमचा श्रावण सुरू होत नाही. त्यामुळे ‘गोठलेले धबधबे, गाईडसोबत पायपीट, शेकोटीवर जेवण’ असं वाचल्यावर लेकीला सांगितलं, तुझा तो सांता राहू दे, हे बुक कर.

माणशी सव्वाशे युरोच्या आसपास पडले. रुपयांत हिशोब करायचा नाही, असं लेकीने घरातून निघतानाच बजावलं होतं, तरी मी केला. फॉर्ममध्ये उंची, बुटाचं माप, खाण्याचं पथ्य आणि तब्येतीची तक्रार हे सगळं विचारलं होतं. मी खरं ते लिहिलं : शाकाहारी, डावा गुडघा कुरकुरतो. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. वाट पाच किलोमीटरची आहे, दरीत उतरायला पायऱ्या आहेत आणि तेवढंच परत चढायचं आहे, जमेल ना? मी म्हटलं, आम्ही सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या दरवर्षी चढतो. पलीकडच्या बाईंना त्यातलं काय कळलं देव जाणे, पण बुकिंग पक्कं झालं.

सकाळी त्यांच्या दुकानात बाहेरचा जाड ओव्हरऑल आणि बूट मिळाले. ओव्हरऑल माझ्या पाच फुटांच्या मानाने इतका लांब की पायाशी दोन घड्या घालाव्या लागल्या. बूट मात्र त्यांनी मुद्दाम एक माप मोठा दिला. आत एक पातळ आणि एक लोकरीचा मोजा घालायचा आणि तरी बोटं हलली पाहिजेत. बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही, आणि मग कितीही मोजे चढवा, पाय गारच. हातांनाही तेच. पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात तो पिशवीसारखा मोजा जास्त ऊब देतो. बाहेर उणे १८ होतं. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा, असंही सांगितलं. बर्फ वरून धरायला लागतो, म्हणजे बाटली उलटी असली की बूच मोकळं राहतं. इतकी साधी गोष्ट, पण आपल्याला कधी सुचायचं कारणच नाही.

व्हॅनमध्ये आम्ही नऊ जण होतो. वाट दीड तासाची. पोसिओ तालुक्यातली कोरोउओमा नावाची दरी. गंमत म्हणजे ती आर्क्टिक वृत्ताच्या थोडी दक्षिणेलाच आहे. इतक्या उत्तरेला येऊन वृत्त ओलांडायचं राहिलंच, ते दुसऱ्या दिवशी सांताच्या गावात ओलांडलं. वाटेत दोनदा रेनडिअर रस्त्यात उभे. आपल्याकडे गाय बसते तशीच यांची चाल, हॉर्नला भीक घालत नाहीत. गाडीत हीटर चालू होता आणि मी गळ्यापर्यंत चेन लावून, टोपी घालून, हातमोजे मांडीवर घेऊन बसले होते. घाम तिथेच फुटायला लागला होता. मला वाटलं, बरं आहे, आधीच गरम होऊन घ्यावं.

गाडीतळावर उतरल्यावर गाईडने बुटांखाली लावायच्या खिळ्यांच्या साखळ्या दिल्या. ही पस्तिशीची मुलगी, कमरेला लाकडी मुठीचा सुरा, गालावर थंडीने उमटलेले लाल चट्टे. ती म्हणाली, ‘‘आता सगळ्यांनी जॅकेटची चेन उघडा. निघताना जरा कुडकुडायला झालं पाहिजे. निघतानाच ऊब वाटत असेल तर तुम्ही जास्त कपडे घातलेत.’’

उणे १८ मध्ये कपडे उघडा! मी लेकीकडे बघितलं. तिने निमूट चेन खाली ओढली. मी ओढल्यासारखं केलं आणि गाईड पुढे गेल्यावर परत वर नेली.

वाट पाइनच्या आणि स्प्रूसच्या जंगलातून जाते. झाडं बर्फाने इतकी लगडलेली की काहींचे शेंडे वाकून जमिनीला टेकले होते. मग पायऱ्या सुरू होतात आणि दरी दिसते. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि शंभरहून अधिक मीटर खोल. खडकाला पडलेली एक प्राचीन भेग, हिमयुगाने ती आणखी कोरून काढली. तळाला नदी आहे, पण ती बर्फाखाली. एके काळी वरून तोडलेले ओंडके या दरीत उतरवून नदीतून वाहून नेत. उतरताना गुडघ्याने कुरकुर केली नाही. खिळे बर्फात खच् खच् रुतत होते, घसरायचं भय नव्हतं. पण तळाला पोचेपर्यंत माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला होता, तो मला स्पष्ट जाणवला.

मग पहिला धबधबा आला.

आपल्याकडे धबधब्याची चाहूल आधी कानांना लागते. दुगारवाडीला वळण यायच्या आधीच आवाज येतो, मग तुषार, मग पाणी. इथे एक वळण घेतलं आणि समोर एकदम पन्नासेक मीटर उंचीची भिंत. निळसर, हिरवट, मध्येच पिवळी. मेणबत्ती जळून मेणाचे थर एकावर एक ओघळावेत तशी. उन्हाळ्यात या कड्यांवरून नुसत्या बारीक धारा येतात, कुठे नुसताच खडक ओला असतो. हिवाळाभर तेच पाणी झिरपतं, गोठतं, त्यावरून पुन्हा झिरपतं, पुन्हा गोठतं. म्हणजे आपण बघतो तो पडताना गोठलेला धबधबा नव्हे. तो कित्येक आठवड्यांचा साठलेला थेंब थेंब आहे. पुढे रुस्केअविर्ता नावाचा लागतो, नावाचा अर्थ तपकिरी प्रवाह. वरच्या दलदलीतून मुरून आलेलं पाणी चहाच्या रंगाचं असतं, म्हणून तिथला बर्फही कोऱ्या चहासारखा.

एका कड्यावर दोघं जण हातात बर्फाच्या कुऱ्हाडी घेऊन चढत होते. टक् टक् करत काचेसारखे तुकडे खाली येत होते. त्यांच्या खाली उभं राहायचं नाही, असा गाईडचा सक्त नियम होता. ती आम्हाला बाजूच्या, चढणारे नसलेल्या धबधब्याशी घेऊन गेली आणि म्हणाली, ‘‘टोपी वर करा आणि कान लावा. टेकवू नका, नुसता जवळ न्या.’’

मी कान नेला. आधी काहीच नाही. मग खूप आतून, माठातलं पाणी हलवल्यावर येतो तसा आवाज. गुळ् गुळ्, थांबून पुन्हा गुळ्. एवढ्या जाड बर्फाच्या पोटात पाणी चालूच होतं. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. लेकीने फोटो काढायला फोन बाहेर काढला तर ६० टक्के चार्जिंग दाखवत असताना तो पटकन मेला. थंडीत बॅटरी अशीच दगा देते, फोन अंगाशी आतल्या खिशात ठेवायचा असतो.

आणि मग मला हुडहुडी भरली. आधी पाठ. कोणी ओला, गार टॉवेल पाठीवर पसरल्यासारखं. मग दातखीळ. चालताना गरम वाटत होतं ते सगळं पाच मिनिटांत उलटलं. मी काही बोलले नाही, गटाचा खोळंबा नको म्हणून. पण गाईडचं लक्ष होतं. जवळ येऊन तिने डॉक्टरसारखा एकच प्रश्न विचारला, ‘‘अंगाला काय लागून आहे?’’

खोटं बोलायची ताकद नव्हती. म्हटलं, ‘‘कॉटन.’’

ती रागावली नाही. नुसती मान हलवली आणि इथलं थंडीचं शास्त्र मला तीन वाक्यांत सांगितलं. इथे माणूस थंडीने गारठत नाही, घामाने गारठतो. सूत घाम पिऊन बसतं आणि सोडत नाही. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. सह्याद्रीत आम्ही पावसात भिजायलाच जातो, ओल्या कपड्यांनिशी भजी खातो आणि अंगावरच वाळवतो. ती सगळी अक्कल इथे उलटी पडली.

लेकीच्या पिशवीत लोकरीचा एक जादा थर होता. तिला माहीत असणार, आई काय करेल ते. प्रश्न बदलायचं कुठे हा होता. शेकोटीच्या जागेजवळ लाकडी कोरडं शौचालय होतं. तिथे, उणे १८ मध्ये, चार थर उतरवून ती ओली शमीज काढायची. आत शिरले तर बैठक पांढऱ्या थर्मोकोलची. माझ्यासारखी बाई त्या अवस्थेतही हसली. पण बरोबरच आहे, थर्मोकोल गार पडत नाही. अंगावरून शमीज निघाली त्या क्षणी अंगातून वाफ निघताना मला दिसली. स्वतःची वाफ! कोरडी लोकर चढवली, टोचली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते टोचणं गोड वाटलं. शमीज पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात कोंबली.

शेकोटीची जागा म्हणजे ‘लावू’ नावाची, तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी लाकडी पडवी, समोर दगडांची चूल. शेजारी सरपणाची खोली, त्यात बर्चचे ओंडके रचलेले. सरकारी वनसंस्था ते पुरवते, कोणीही वापरावे. फिनलंडमध्ये जंगलात कोणालाही हिंडता येतं, बेरी आणि अळंबी तोडता येतात, पण जमीनमालकाच्या परवानगीशिवाय जाळ करता येत नाही. म्हणून अशा ठरलेल्या जागा. गाईडने ओंडका फोडला, सुऱ्याने एका काटकीला कुरळ्या सालपटांचा झुबका काढला, खाली बर्चची पापुद्र्यासारखी साल ठेवली आणि एका काडीत पेटवलं. ती साल बर्फाळ हवेतही तेल घातल्यासारखी जळते. माझी एवढी वर्षं चुलीपुढे गेलेली, पण इतकी सुबक चूल पेटताना पाहिली नव्हती.

जेवण म्हणाल तर साधंच. लांब काठीला टोचून भाजायचं सॉसेज, वर मोहरीची चटणी. माझ्यासाठी शाकाहारी आणलं होतं, चवीला बरं. ओव्हरऑलवर ठिणगी उडून एक भोक पडलं, ते मी परत करताना कबूल केलं आणि त्यांनी नुसतंच हसून सोडून दिलं. मी घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडू दगड झाले होते. दातांना दाद देईनात. चुलीच्या कडेला ठेवल्यावर दहा मिनिटांत गूळ सुटला आणि मग कोरियाच्या जोडप्याने तीन खाल्ले.

पण खरी मजा नंतर. काजळीने काळ्या झालेल्या किटलीत कॉफी उकळली, चोथा खाली बसू दिला आणि लाकडी पेल्यात ओतली. त्यात तिने चीजचे चौकोनी तुकडे टाकले. मी हात आडवा केला, तोवर पडले होते. पांढरं, वरून डाग पडेपर्यंत भाजलेलं चीज, कॉफीत मऊ होतं आणि दाताखाली चक्क चूं चूं वाजतं. कशाचं म्हणून विचारलं तर म्हणाली, पूर्वी नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या पहिल्या दुधाचं करत. म्हणजे खरवस! आर्क्टिकच्या काठावर, कॉफीत बुडवलेला खरवस. दुसरा पेला मी मागून घेतला.

करड्या अंगाचा, शेपटीला विटकरी रंग असलेला एक पक्षी हाताच्या अंतरावर येऊन बसला. इथे त्याला कुक्केली म्हणतात. जंगलात काम करणारे त्याला शकुनाचा मानत. शकुन की काय माहीत नाही, लाडवाचा चुरा मात्र त्याने उचलला.

परतीच्या चढाला गाईडने काही सांगायच्या आत मी चेन पोटापर्यंत उघडली, टोपी काढून हातात घेतली. पहिली दोन मिनिटं कापरं भरलं, मग चढाने आपोआप ऊब दिली. पायऱ्यांवर मी दर तीस पायऱ्यांना थांबत होते. दमले म्हणून नव्हे, घाम येऊ नये म्हणून. हे लेकीला पटलं नाही, ती म्हणाली, ‘‘आई, तू दमली आहेस.’’ असेनही.

हॉटेलवर पिशवी उघडली तर शमीज कोंबली होती त्याच आकारात कडक झालेली. खळ घालून इस्त्री केलेल्या साडीपेक्षा कडक, टेबलावर आपटली तर टक् वाजली. हीटरवर टाकली, सकाळपर्यंत वाळली. निघताना लेकीकडेच ठेवून आले, ओटा पुसायला.