प्लात्सरायफे, सोडत आणि आगेवाला

जर्मनीत गोल्फ खेळायला आधी परीक्षा द्यावी लागते, असं ऑफिसातल्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. गाडीच्या लायसन्सपायी इथे आधीच पैसा आणि रक्त दोन्ही आटलं होतं. आता काठीने चेंडू मारायलाही लायसन्स? पण तसंच आहे. त्याला ‘प्लात्सरायफे’ म्हणतात. कायद्याची सक्ती नाही, पण अठरा होलच्या, म्हणजे चेंडू घालायची अठरा भोकं असलेल्या मैदानावर पाऊल ठेवू देण्याआधी जवळजवळ प्रत्येक क्लब तो कागद मागतो.

म्युनिकजवळच्या एका क्लबात नाव घातलं. अशा कोर्सचे साधारण दोनशे ते चारशे युरो पडतात, शिकवणी, काठ्या आणि सरावाचे चेंडू धरून. मारायला शिकणं हा त्यातला निम्माच भाग. उरलेला सगळा वेळ वागायचं कसं यात जातो. पांढरे खांब दिसले की मैदानाची हद्द संपली, पिवळे आणि लाल म्हणजे पाणी-बिणी, तिथून दंड भरून बाहेर यायचं, निळे म्हणजे दुरुस्तीची जागा. फटक्याबरोबर उखडलेलं गवताचं ढेकूळ शोधून आणायचं, जागेवर बसवायचं, पायाने दाबायचं. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर चेंडू पडून खळगा झाला तर खिशातला छोटा काटा काढून तो बुजवायचा. चेंडू कुणाच्या दिशेने गेला तर बेंबीच्या देठापासून ‘फोर!’ ओरडायचं. आमचा प्रो, म्हणजे शिकवणारा, या ओरडण्याचा सरावसुद्धा करून घ्यायचा. चारचौघांत मोठ्याने बोलायचं नाही असं शिकलेल्या मला ते फटक्यापेक्षा अवघड गेलं.

लेखी परीक्षा ठीक होती. प्रत्यक्ष परीक्षेत नऊ होल खेळून बारा गुण मिळवायचे होते. हिशेब ऐकायला किचकट, पण नवख्यांवर फार दया करणारा आहे. हँडिकॅप म्हणजे खेळाडूला मिळणारी जास्तीच्या फटक्यांची सवलत; खेळ सुधारला की ती कमी होते. नवशिक्याचा हँडिकॅप ५४, म्हणजे अठरा होलांवर प्रत्येकी तीन फटके जास्तीचे. चार फटक्यांत संपवायच्या होलला मी सात घेतले तरी दोन गुण, आठ घेतले तर एक, नऊ झाले की शून्य; मग चेंडू उचलायचा आणि पुढे चालू लागायचं. मागच्यांना ताटकळत ठेवणं हाच इथला सगळ्यात मोठा गुन्हा. चौथ्या होलवर माझा चेंडू झुडपात गेला. शोधायला तीन मिनिटं मिळतात (२०१९च्या नव्या नियमांआधी पाच मिळायची). परीक्षक काका घड्याळाकडे बघत उभे, मागून दोघं आजोबा येऊन थांबलेले. मी हात हलवून त्यांना पुढे जाऊ दिलं, तेव्हा काकांनी वहीत काहीतरी टिपलं. चेंडू सापडला नाही, पण मला वाटतं मी पास झाले ते त्या हात हलवण्यानेच.

कागद हातात आला आणि कळलं की ही नुसती पायरी होती. तो घेऊन कुठल्या तरी क्लबचं सदस्य व्हावं लागतं, तेव्हा हँडिकॅप अधिकृत होतो. शहराजवळच्या क्लबांची वर्गणी ऐकून घाम फुटतो, म्हणून लोकांनी पळवाटा काढल्यात. राहायचं म्युनिकला आणि सदस्यत्व शेकडो किलोमीटरवरच्या, कधी न पाहिलेल्या क्लबचं, कारण तिथली वर्गणी कमी. मी क्लब नसलेल्यांच्या संघटनेत गेले. १९९३ साली ती खास याचसाठी निघाली. पण अशा ओळखपत्रावर काही क्लब ग्रीन फी, म्हणजे एका वेळच्या खेळाचे पैसे, जास्त लावतात. खिडकीतली बाई कार्ड उलटसुलट करून बघते आणि मग आकडा सांगते. आमच्या भागात कामाच्या दिवशी साठ ते शंभर युरो. जास्त वेळा मी नऊ होलच्या छोट्या मैदानावरच जाते. तळ्यातून काढून धुऊन स्वस्तात विकलेले ‘लेक बॉल’ हरवले तरी वाईट वाटत नाही.

मग नवऱ्याच्या डोक्यात स्कॉटलंड आलं. तिथल्या सेंट अँड्र्यूज गावचं ओल्ड कोर्स हे मैदान म्हणजे या खेळाचं पंढरपूर. मला वाटलं होतं, जर्मनीत एवढा थाट तर तिथे दारातही उभं करणार नाहीत. निघालं भलतंच. ती जमीन सार्वजनिक आहे. १५५२ साली तिथल्या आर्चबिशपने सनद देऊन गावकऱ्यांचा त्या माळावर खेळायचा हक्क मान्य केला, तो आजवर चालत आलाय. रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद असतो. लोक कुत्री फिरवतात, पोरं वाळूच्या खड्ड्यांत उड्या मारतात. आम्हीही मैदानावरच्या प्रसिद्ध स्विलकन पुलावर फुकटात फोटो काढले. आपल्याकडच्या एखाद्या क्लबात असं चालेल का, या विचाराने मी मनातल्या मनात हसले.

खेळायचं तर सोडत. दोन दिवस आधी, दुपारी दोनच्या आत दोन ते चार जणांची नावं द्यायची आणि संध्याकाळी निकाल बघायचा, म्हाडाच्या घरासारखा. हँडिकॅप ३६ किंवा त्याखाली हवा. २०२०पासून जगभर हँडिकॅपची एकच पद्धत आहे, त्यामुळे माझा जर्मन आकडा तिथे चालला. मधल्या काळात घाम गाळून तो ३४वर आणला होता. पाहुण्यांसाठी एका फेरीचे २०२४च्या हंगामात ३२० पौंड. गावकऱ्यांसाठी वर्षाचा वेगळा, कितीतरी स्वस्त पास. मला हा भेदभाव पटला. गाव त्यांचं, माळ त्यांचा, आणि मैदान सांभाळायचा खर्च आमच्यासारख्या हौशी पाहुण्यांच्या खिशातून.

आमचं नाव काही लागलं नाही. शेजारच्याच ईडन कोर्सवर खेळलो. आणि दोघांना सगळ्यात जास्त मजा आली ती ‘हिमालय’वर. बायकांच्या पटिंग (चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याच्या) क्लबने १८६७पासून चालवलेली ही उंचवट्याखळग्यांची हिरवळ. थोड्याशा पौंडांत काठी आणि चेंडू हातात देतात, परीक्षा नाही, कॉलरचा शर्ट नाही. पुढे एक आजी नातवाला घेऊन खेळत होत्या आणि नातू सरळसरळ चेंडू पायाने ढकलत होता.

त्या हिवाळ्यात पुण्याला गेले, तर मामांच्या एका मित्राने त्यांच्या क्लबात पाहुणी म्हणून नेलं. आपल्याकडे खेळ जुना आहे. कोलकात्याचा रॉयल क्लब १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. पण इथे दार उघडतं ते ओळखीने. प्लात्सरायफे कुणी विचारलं नाही, फक्त “कोणाबरोबर आलात?” एवढंच. सदस्यत्वासाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात. दिल्लीच्या क्लबच्या यादीच्या तर दंतकथा झाल्यात.

आणि कॅडी! जर्मनीत मी माझी ट्रॉली स्वतः ओढते. इथे पिशवीला एक दादा आणि चेंडू कुठे पडतो ते बघायला पुढे पळणारा आगेवाला. “मॅडम, सात नंबर घ्या, वारा समोरून आहे.” मी आठ घेतला, चेंडू पाण्यात. दादा काही बोलले नाहीत, पुढच्या वेळी काठी थेट हातात दिली. ग्रीनवर बोटाने जागा दाखवायचे, तिथे मारलं की चेंडू आपोआप वळायचा. तुम्ही कधी खेळता, विचारलं तर म्हणाले, “सोमवारी. क्लब बंद असतो तेव्हा आम्हाला सोडतात.” व्यावसायिक गोल्फर एस. एस. पी. चौरसिया असाच पुढे आला. वडील रॉयल कोलकात्यात मैदानाची निगा राखायचे, आणि २००८मध्ये त्याने इंडियन मास्टर्स ही स्पर्धा जिंकली. परीक्षा पास झालेली मी, आणि माझ्यापेक्षा दसपट चांगला खेळणारा माणूस माझी पिशवी उचलतोय, हे मला अठराव्या होलपर्यंत खुपत राहिलं.

पुढच्या सुट्टीत खारघरला जायचं ठरवलंय. सिडकोच्या मैदानावर सदस्य नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. मामाही येतो म्हणतोय, फक्त बूट विकत घ्यावे लागतील का, हे आधी विचारून ठेव म्हणाला.