आमची वाटचाल : सामन्याआधीची वीस मिनिटं

आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "स्प्लिट किती दिवसांत बसेल?" म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून जमिनीला कधी टेकतील. सुरुवातीला मी याला खरोखर उत्तर द्यायचे. "तीन महिने," अगदी छातीठोकपणे. धंदा नवा होता, आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची हिंमत नव्हती.

2016 च्या जूनमध्ये आम्ही दोघींनी ठाण्यात खेळाडूंच्या वॉर्म-अपचा आणि लवचिकतेचा हा वर्ग सुरू केला. मी शाळा-कॉलेजात खो-खो खेळलेली, मावसबहीण फिजिओथेरपिस्ट. भांडवल म्हणजे आठ मॅट, एक स्पीकर आणि पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचं क्लबहाऊस, सकाळी सहा ते आठ, तेही कुणाच्या वाढदिवसाचं बुकिंग नसेल तर. गुमास्ता काढला, बोर्ड रंगवला. बोर्डावर मोठ्या अक्षरात 'फ्लेक्झिबिलिटी', कारण तोच शब्द खपतो.

आमच्या वेळी वॉर्म-अप म्हणजे मैदानाला दोन फेऱ्या, मग गोलात उभं राहून पायाचे अंगठे धरायचे आणि सर वीसपर्यंत मोजायचे. तेच आम्ही जरा सजवून मॅटवर आणलं, वर वेळही वाढवला. शर्यतीआधी मांडीमागचा स्नायू दीड-दोन मिनिटं ताणून धरायला लावायचो. एकदा शंभर मीटर धावणाऱ्या एका मुलाचा दादोजी कोंडदेव स्टेडियममधून फोन आला. "ताई, पाय झोपल्यासारखे वाटतायत." मी त्याला म्हटलं, टेन्शन घेतोयस. बहिणीने मात्र त्या रात्री वाचायला घेतलं. एकच स्नायू मिनिटभराहून जास्त वेळ ताणून धरला, तर पुढे काही वेळ त्याचा जोर थोडा उतरतो, हे तोवर बऱ्यापैकी पक्कं झालेलं होतं. पंधरा-वीस सेकंद ताणून मग हालचाल केली, तर फारसं बिघडत नाही. आणि पहिल्या काही आठवड्यांत जी लवचिकता वाढलेली दिसते, त्यातला बराचसा भाग स्नायू लांब झाल्याचा नसतोच. ताण सोसायची सवय झालेली असते.

हे पालकांना सांगायचं कसं? सांगितलं. त्या महिन्यात कुणी फी परत मागितली नाही, पण अकरा जणांनी पुढची भरलीही नाही.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. इयन जेफ्रीज या ब्रिटिश स्ट्रेंथ कोचनी 2007 मध्ये मांडलेला वॉर्म-अपचा एक क्रम आम्ही धरला. आधी अंग तापवायचं, मग सुस्त स्नायू जागे करायचे आणि सांधे मोकळे करायचे, शेवटी खेळाच्याच वेगाने चार-दोन झेपा. लांबलचक ताण खेळ संपल्यावर किंवा वेगळ्या दिवशी. बोर्डही बदलला. खप कमी झाला, हे कबूल.

माझा जीव अर्थातच खो-खोत. पाठलाग करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण आपापल्या चौकोनात उकिडवे बसलेले असतात. मिनिट-मिनिट तसंच बसायचं आणि 'खो' मिळाला की त्याच क्षणी सुटायचं. तिथे घोटा कसा आहे ते लगेच दिसतं. कळव्याची एक मुलगी आमच्याकडे यायची, उठताना कायम जराशी वाकडी उठायची. तिच्या सरांना वाटायचं, आळस. आम्ही तिला भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब राहतो ते पट्टीने मोजायचं. दहा सेंटीमीटरच्या आसपास असलं तर ठीक. तिचा उजवा पाय नऊ, डावा चार. "कधी मुरगळला होता का गं?" तर म्हणाली, "हो, सातवीत. आजीने लेप लावला, चार दिवसांत मैदानात." म्हणजे बसल्यावर डावी टाच अधांतरी, सगळा भार उजव्यावर, आणि पहिलं पाऊल उशिरा. पायरीच्या कडेवरून टाच सावकाश खाली सोडणं आणि गुडघा पुढे रेटणं, रोज दहा मिनिटं. सात आठवड्यांनी डावा आठवर आला. खडूच्या खुणा अजून भिंतीवर आहेत, वरून कुणीतरी फुलं काढून ठेवलीयत.

2020 च्या मार्चमध्ये क्लबहाऊसला कुलूप लागलं. दीड वर्ष मोबाईलवर बॅचेस घेतल्या, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एका शाळेने त्याआधीच्या तीन महिन्यांचं बिल थकवलं ते थकवलंच. 2021 च्या शेवटी वागळे इस्टेटमध्ये गाळा घेतला. आधी तिथे लेथचं काम चालायचं. पहिले दोन महिने सगळ्यांचे मोजे काळे.

घोडबंदर रोडच्या टर्फवर, म्हणजे तासाने भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानावर, वेगळाच प्रश्न होता. फुटबॉलचे कोच म्हणायचे, "मॅडम, तासाला बाराशे रुपये भाडं, त्यातली वीस मिनिटं तुम्हाला कुठून देऊ?" फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने 2006 मध्ये 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप तयार केला. पंधरा व्यायाम, साधारण वीस मिनिटं, खास सामान काही लागत नाही. नॉर्वेत 13 ते 17 वयाच्या मुलींच्या संघांवर त्याची चाचणी झाली, 2008 मध्ये छापून आली, आणि तो करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाल्या. हे सगळं मी कोचना ऐकवलं, कुणी हललं नाही. मग आम्ही टर्फबाहेरच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा मागून घेतली. मुलं वीस मिनिटं आधी येतात, भाड्याचं मीटर चालू व्हायच्या आत घामाघूम. ही युक्ती मात्र लगेच पटली.

गोविंदा पथकाचं काम 2023 मध्ये आलं. गुरुपौर्णिमेपासून सराव, रात्री नऊनंतर, भर पावसात. मानधन म्हणून आजवर नारळ आणि चार टी-शर्ट मिळालेत, पण शिकायला खूप मिळालं. खालच्या थरातल्या दादांचे खांदे, मान, पोटऱ्या सरावात उत्तम तापलेल्या असायच्या. गोपाळकाल्याच्या दिवशी मात्र टेंभी नाक्यावरून वर्तकनगर, ट्रकमध्ये तासभर, मग नंबर येईपर्यंत फूटपाथवर बसकण. शरीर पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा थंडावतं. सकाळी आठला केलेला वॉर्म-अप दुपारी दोनच्या थराला काय कामाचा? आता ठरलंय, नाव पुकारायच्या आधी पाच मिनिटं ट्रकच्या आडोशाला उभ्याउभ्या खांदे आणि पोटऱ्या. पहिल्या वर्षी बाकीची पथकं हसली.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्रातले, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. फेब्रुवारीत आमच्या मुलींच्या बॅचला पहिल्यांदा वेटिंग लागलं. स्प्लिटचा प्रश्न त्या पालकांनीही विचारलाच.

तरी महिन्याच्या हिशोबात अजून बहिणीचीच बाजू जड आहे. दुखलं की लोक मुकाट पैसे मोजतात. दुखू नये म्हणून मोजायचे, तर घासाघीस होते. शेजारचा गाळा रिकामा होतोय. तिला तिथे उपचाराची खोली हवी आहे. मला मधली भिंत पाडून वीस मीटरची सरळ पट्टी हवी. मालक म्हणतात, आधी तुमच्यात ठरवा, मग भिंतीचं बोलू.