आमची वाटचाल : हळद घरची, नाव परक्याकडे

समुद्रपूर तालुक्यात हळद पिकवणारी घरं पुष्कळ, दळून विकणारी मात्र थोडी. आम्ही दळणाऱ्यांत आलो २०१२ च्या हंगामात. त्याआधी सासऱ्यांच्या काळात हळद खणायची, शिजवायची, अंगणात वाळवायची, ड्रमात घोळून पॉलिश करायची आणि हळकुंडांची पोती व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायची, एवढाच आमचा धंदा. भाव पडला की पोती ओसरीवरच राहायची. त्या वर्षीही राहिली, म्हणून पल्व्हरायझर चक्की घेतली आणि नणंदेच्या मदतीनं पाव-पाव किलोची पाकिटं भरायला लागलो.

पुढची तीन-चार वर्षं इतर कुठल्याही घरगुती उद्योगासारखीच गेली. अन्न परवाना, लेबल, बारकोड, वर्ध्याचे किराणा दुकानदार, नागपूरच्या सोसायट्या. उधारी हा स्वतंत्र विषय आहे, तो इथं काढत नाही.

बाहेरच्यांसाठी एक खुलासा मात्र करायला हवा. वर्धा जिल्ह्यात वायगाव दोन आहेत. एक वर्ध्याजवळचं वायगाव (निपाणी) आणि दुसरं आमच्या तालुक्यातलं वायगाव (हळद्या). जिच्या गडद रंगाचं नाव निघतं आणि जिला भौगोलिक मानांकन आहे, ती हळद दुसऱ्या वायगावची. गिऱ्हाईक गाडी घेऊन पहिल्या वायगावात पोचतं आणि तिथून आम्हाला फोन करतं, असं दर हंगामात घडतं.

ब्रँडचं नाव आम्ही आजेसासूबाईंचं ठेवलं. छोटं, चार अक्षरी. २०१६ मध्ये वेबसाइट करायची ठरली तेव्हा कळलं की त्याच नावाचं डॉट कॉम कुणीतरी कधीचंच घेऊन ठेवलंय. डॉट इन मोकळं होतं, ते घेतलं. तोवर इंटरनेटवरचं नाव म्हणजे दुकानाची पाटी, एवढीच आमची समज होती. पाटी कुठलीही चालते असं वाटायचं.

मुंबईला महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात स्टॉल लागायला लागला तशी खरी अडचण दिसली. लोक पाकीट घेऊन जायचे, आवडलं की घरी बसून नाव टाइप करायचे आणि शेवटी सवयीनं डॉट कॉम लावायचे. तिथं उघडायचं जाहिरातींचं एक रिकामं पान. पाकिटावर डॉट इन ठळक छापून पाहिलं, फरक पडला नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे कळली. पुण्याच्या एका दुकानदारानं ऑर्डर मेलनं पाठवली होती, तीही डॉट कॉमच्या पत्त्यावर. म्हणजे आमच्या नावानं निघालेली पत्रं कुणा अनोळखी माणसाच्या दारात पडत होती. त्यानं ती वाचली की फेकली, कळायला मार्ग नव्हता.

याच सुमारास एका गृहस्थाचा फोन आला. त्याच्याकडे वायगाव आणि हळद हे दोन्ही शब्द असलेलं एक नाव विकायला होतं. आम्ही घेतलं नाही. मानांकनाचं नाव एका घराचं नसतं. १९९९ च्या कायद्यानुसार ते उत्पादकांच्या नोंदणीकृत संस्थेच्या नावावर असतं आणि बाकीच्यांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ते वापरायचं असतं. गावाचं नाव इंटरनेटवर एकट्यानं धरून बसायचं, मग शेजाऱ्यांनी आम्हाला काय म्हणावं? आम्हाला हवं होतं ते आजेसासूबाईंचंच.

नागपूरच्या वकिलांना विचारलं की आमच्या नावाचा ट्रेडमार्क आहे, तर हे डॉट कॉम मागता येईल का. त्यांनी पहिल्याच बैठकीत नाही म्हटलं. समोरच्यानं ते नाव वाईट हेतूनं घेतलं आणि तसंच वापरलं, हे आपण सिद्ध करावं लागतं. त्यानं ते आमचा ब्रँड जन्माला यायच्या कितीतरी आधी घेतलेलं. शिवाय आपल्याकडचं हे नाव परदेशातही बायकांचं असतं. एका नावाची तक्रार एका पंचापुढे चालवायची तर अशा तक्रारी ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या वायपो संस्थेची फीच दीड हजार डॉलर, वकिलाचे पैसे वेगळे. "त्यापेक्षा विकत घ्या," ते म्हणाले. सल्ल्याची फी त्यांनी घेतली नाही, दोन किलो हळद घेतली.

विकत घ्यायचं, पण कोणाकडून? पूर्वी नावाची नोंद उघडून पाहिली की मालकाचं नाव, फोन, सगळं दिसायचं. २०१८ मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा लागू झाल्यापासून बहुतेक नोंदींत मालकाचा तपशील झाकलेला असतो. नाव कोणत्या कंपनीकडे नोंदलंय, कधी घेतलं, मुदत कधी संपते, नाव दुसरीकडे हलू नये म्हणून कुलूप लागलंय की नाही, एवढंच कळतं. आमच्या पुतण्यानं ओळखीपाळखीत विचारपूस सुरू केली आणि एक मध्यस्थ आपणहून पुढे आला. नाव माझ्याच ताब्यात आहे म्हणाला. भाव अगदी माफक, मात्र अर्धे पैसे आजच आणि तेही यूपीआयनं.

पुतण्यानं त्याला एक साधी गोष्ट करायला सांगितली. प्रत्येक डोमेनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या अशा नावाच्या, सेटिंगमध्ये टीएक्सटी नावाची एक ओळ घालता येते. ती जगात कोणीही वाचू शकतो, पण घालू शकतो तोच, ज्याच्या हाती त्या नावाचा ताबा आहे. "आमच्या सांगण्यावरून त्या ओळीत हळकुंड असं इंग्रजी अक्षरांत लिहून दाखवा, पैशाचं लगेच बोलू." मध्यस्थ आधी चिडला, मग तांत्रिक अडचण सांगायला लागला, मग फोन उचलेनासा झाला. ओळखपत्राचा फोटो, गोड बोलणं, इतर सौद्यांचे स्क्रीनशॉट हे सगळं बनवता येतं. ती एक ओळ बनवता येत नाही.

खरा मालक सापडला त्या रिकाम्या पानाच्याच तळाशी. चौकशीचा बारीक अक्षरातला फॉर्म होता तिथं. माणूस पोर्तुगालात राहणारा, अशी बरीच नावं बाळगून असलेला. त्यानं तीन हजार डॉलर सांगितले. आम्ही हळदीच्या धंद्यातली माणसं, पहिल्या भावाला कोण हो म्हणतं? पण घासाघीस करताना आमचा धंदा केवढा हे त्याला उगाच दाखवलं नाही, आणि हे नाव नाही मिळालं तर काय होईल हेही बोललो नाही. सौदा अकराशे डॉलरवर आला. २०२१ चं साल, म्हणजे ऐंशी हजारांच्या वर रुपये. हळकुंड त्यानं दुसऱ्याच दिवशी लिहून दाखवलं, आणि स्पेलिंगही आमचंच.

ताबा त्याचा आहे हे कळलं, तरी नाव स्वच्छ आहे का ते पाहणं बाकी होतं. चोरलेली नावंही अशीच विकली जातात, आणि मूळ मालक जागा झाला की घेणारा पैसे आणि नाव दोन्हीला मुकतो. म्हणून जुन्या नोंदी पाहिल्या. नाव वर्षानुवर्षं एकाच कंपनीकडे होतं, अलीकडे इकडून तिकडे हललेलं नव्हतं. इंटरनेट अर्काइव्हवर त्या पत्त्याची जुनी पानं चाळली, जुगार किंवा बनावट औषधं असलं काही आधी चालत होतं का म्हणून. नसत्या कामासाठी वापरलेलं नाव आपण घेतलं तर आपले मेल लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात. तसं काही निघालं नाही.

आता पैशाचा प्रश्न. सासरे ओसरीवरून सगळं ऐकत होते. म्हणाले, "ज्या मानसाले पायलं नाही, त्याले पैसे पयले पाठवसान? अन तो तरी माल पयले कायले देईन?" अडचण नेमकी हीच होती. आम्ही आधी पैसे दिले तर तो गायब होऊ शकतो. त्यानं आधी नाव दिलं तर आम्ही गायब होऊ शकतो. पुतण्यानं त्यांना एस्क्रो समजावून सांगितला. पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे, त्यानं विकणाऱ्याला फक्त पैसे आल्याचं कळवायचं, मग विकणाऱ्यानं नाव द्यायचं, घेणाऱ्यानं तपासून पावती द्यायची आणि तेव्हा कुठे तिसऱ्यानं पैसे सोडायचे. सासऱ्यांचा अर्धा जन्म हिंगणघाटच्या कापूस बाजारात गेलेला. "म्हंजे अडत्या," ते म्हणाले, आणि विषय त्यांच्या बाजूनं संपला.

फक्त हा अडत्या खरा हवा. खोट्या एस्क्रोच्या वेबसाइटी ढिगानं आहेत, दिसायला अगदी तशाच. पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे, एवढाच फरक. म्हणून विकणाऱ्यानं पाठवलेल्या लिंकवर कधीच जायचं नाही असं आम्ही ठरवलं. एस्क्रो डॉट कॉम ही अमेरिकेतली जुनी कंपनी, १९९९ पासूनची, कॅलिफोर्नियाच्या वित्त खात्याचा परवाना असलेली. तिचा पत्ता स्वतः टाइप करून, स्वतः खातं उघडून सौदा आम्हीच मांडला. नाव कोणतं, किंमत किती, फी अर्धी-अर्धी, तपासायला किती दिवस, सगळं तिथं लिहून दोघांनी मान्य केलं. मेलवरच्या गप्पांपेक्षा त्या लिहिण्याला जास्त वजन.

सगळ्यात वेळ खाल्ला तो बँकेनं. तालुक्याच्या शाखेतून असे पैसे कधी गेलेच नव्हते. मॅनेजर साहेब चांगले, पण नियमानं चालणारे. "ताई, मालाचं बिल ऑफ एन्ट्री कुठंय?" माल बंदरात उतरतच नाही हे सांगायला वेळ लागला. मग विकणारा पोर्तुगालचा आणि पैसे अमेरिकेला का, हा प्रश्न. तोही रास्तच. एस्क्रोचा करारनामा छापून नेला, सीएकडून परदेशी पैसे पाठवताना आयकर खात्याला द्यायचा पंधरा-सीएचा फॉर्म भरून घेतला, बँकेकडून परकीय चलन घेण्याच्या ए-२ फॉर्मवर कामाचा कोड कुठला यावर नागपूरच्या परकीय चलन विभागाशी फोनाफोनी झाली. एक गोष्ट कारकुनानं आपणहून सांगितली म्हणून बरं झालं. वाटेतल्या बँका आपापला आकार कापून घेतात, त्यामुळे पोचणारी रक्कम चार-पाच डॉलरनं कमी भरते आणि सौदा अडकतो. सगळे आकार पाठवणाऱ्याच्या खात्यातून घ्या असं फॉर्मवर लिहिता येतं. आम्ही तसं लिहिलं.

पैसे पोचल्याचं एस्क्रोनं दोघांना कळवलं. आता नाव आणायचं. एक रस्ता कंपनी बदलण्याचा. त्यात विकणारा कुलूप काढतो, गुप्त कोड देतो, आपण आपल्या कंपनीकडे तो कोड घालतो, आणि पाच दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. दुसरा रस्ता, त्याचं नाव ज्या कंपनीकडे आहे तिथंच आपलं खातं उघडायचं आणि त्यानं ते त्या खात्यात ढकलायचं. हे काम मिनिटांत होतं. आम्ही दुसरा घेतला. खातं पुतण्याच्या नावानं नाही, फर्मच्या नावानं आणि फर्मच्या मेलवर उघडलं. तालुक्यातल्या किती दुकानांची नावं वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यात अडकलीत, ते विचारून पाहा एकदा.

नाव खात्यात दिसायला लागल्यावर पुतण्याचा हात "मिळालं" या बटणाकडे गेला, तो मी धरला. पावती दिली की पैसे सुटतात, मग परत येत नाहीत. आधी मालक म्हणून फर्मचं नाव आणि आमचा मेल नोंदवला. त्या मेलवर आलेली खात्रीची लिंक दाबली. पासवर्ड बदलला, मोबाइलवरचा दुसरा कोड चालू केला, कुलूप लावलं. मग नाव खरंच आपलं ऐकतं का ते पाहायला ते आमच्या डॉट इनकडे वळवलं आणि वेगळ्या मोबाइलवर उघडलं. आमचं पान आलं. मग बटण. मालक बदलला की साठ दिवस ते नाव दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही असा नियम होता. आम्हाला कुठे जायचंच नव्हतं.

विकायची वेळही आमच्यावर आली, दोन वर्षांनी. हळद हा शब्द असलेलं एक साधं डॉट इन नाव हौसेनं घेतलेलं पडून होतं. पहिल्या गिऱ्हाइकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला, वर म्हणे, रक्कम अडकलीय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होईल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे आमच्या पॅकिंगवरच्या बायकांनासुद्धा पाठ आहे. अशा फोनांची तक्रार करायला १९३० हा नंबर आम्ही चक्कीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवलाय.

दुसरं गिऱ्हाईक सांगलीचं, हळदीच्याच व्यापारातलं. रक्कम लहान, एस्क्रोचा खर्च परवडणारा नव्हता. त्यांना आम्ही अनोळखी, आम्हाला ते. मग असं केलं. त्यांनीच सांगितलेला शब्द टीएक्सटीच्या ओळीत घालून दाखवला. दोन्हीकडचा पॅन घालून एका पानाचा करार केला. व्हिडिओ कॉलवर आमचं खातं उघडून त्यांना नाव दाखवलं, त्यांनी एनईएफटी केली. मेसेजवर भिस्त न ठेवता बँकेच्या ॲपमध्ये जमा रक्कम पाहिली आणि त्याच कॉलवर नाव त्यांच्या खात्यात ढकललं. पाऊण तासात काम झालं, त्यातला अर्धा वेळ यंदाच्या भावावर बोलण्यात गेला. ते आमच्या हळदीला रंग आहे पण उतारा कमी म्हणतात. आम्ही त्यांना काय म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉट कॉम आता दहा वर्षांसाठी भरून ठेवलंय, एकाच वेळी त्यापेक्षा जास्त भरताच येत नाही. गेल्या वर्षी देवनागरीतलं .भारत नावही घेतलं. ते मोकळंच होतं, कोणाशी घासाघीस करावी लागली नाही. पाकिटाच्या नव्या छपाईत दोन्ही पत्ते टाकलेत, आणि त्याखाली, वायगाव (हळद्या), निपाणी नव्हे, असं ठळक.