गाविलगडाच्या कड्यावरून शिकारी पक्षी: नोव्हेंबरातली एक सकाळ

दिवाळी आटोपली की मला चिखलदऱ्याचे वेध लागतात. यंदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परतवाड्याहून घाट चढून मुक्कामाला गेलो आणि दुसऱ्या दिवशी गाविलगडावर दक्षिणेच्या कड्याशी बैठक मारली.

शिकारी पक्ष्यांसाठी पहाटेची धावपळ करू नका. साडेआठपर्यंत माझ्यासमोर फक्त पाकोळ्या होत्या. नऊनंतर खालचं वऱ्हाडचं रान तापलं, गरम हवा कड्याला धरून वर चढू लागली, तेव्हा कुठे घारी आणि गरुड घिरट्या घेत उठले.

तेवढ्यात एक खरूची, म्हणजे छोटा ससाणा, आली, तीही माझ्या पायांच्या खाली, वीसेक हातांवर. वाऱ्याला तोंड करून जागच्या जागी थांबली. पंख थरथरत होते, शेपटी पंख्यासारखी उघडझाप करत होती, पण डोकं तसूभरही हललं नाही. विटकरी पाठीवरचे काळे ठिपके नुसत्या डोळ्यांनी मोजता आले असते. राखी डोकं, म्हणजे नर. एरवी आपण शिकारी पक्ष्याचं पोट बघूनच नाव ठरवतो. त्याची पाठ बघायला मिळते ती अशा कड्यावर, आणि मी दरवर्षी येतो ते त्यासाठीच.

भोवत्यांचंही (हॅरिअर, जमिनीलगत तरंगत शिकार करणारे पक्षी) तसंच. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्याला आलेली एक मादी दरीवरून सरकत गेली. कमरेवरचा पांढरा पट्टा वरून लख्ख दिसला. पांढुरका भोवत्या की माँटेग्यूचा, हे मात्र मी वहीत लिहिलं नाही. या दोघांच्या माद्या फार सारख्या. घाईने नाव देऊ नये.

गुरं घेऊन आलेले एक गवळीबाबा शेजारी टेकले. भोवत्याकडे बघत म्हणाले, "भाऊ, हे आपल्याइकडचं नाही होय. थंडी पडली का येते, होळीलोक राह्यते." त्यांचा हिशेब बरोबर होता.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. किल्ला मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे; तिकीट काढूनच आत जा आणि उजेडात परत फिरा. पाणी, डबा, टोपी सोबत हवी. सकाळी ऊन डावीकडून डोळ्यांवर येतं, म्हणून नजर पश्चिमेकडच्या दरीत ठेवा. ८ बाय ४२ ची दुर्बीण पुरते. गवताखाली कड्याची धार दिसत नाही, चार पावलं मागेच बसा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, आरडाओरडा अजिबात नको. एक मधुबाज, म्हणजे मोहोळं फोडून खाणारा शिकारी पक्षी, अशाच कपारीपुढून दोनदा गेला तेव्हा आम्ही बाबांसकट श्वास रोखून बसलो होतो.

अमूर ससाणा मला दिसला नाही. सैबेरिया-चीनकडून नागालँडमार्गे दक्षिण आफ्रिकेला निघालेले त्यांचे थवे याच सुमारास मध्य भारतावरून जातात. दोन-तीन दिवस हाताशी असतील तर नोव्हेंबरच्या मध्यावर या आणि दुपारी बारापर्यंत जागा सोडू नका.